न विरघळणारं क्रोमिक क्लोराइड

एम.एस्सी.ला मला नापास करणारा माणूस रसायनशास्त्राचाच प्राध्यापक होता, हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. साल १९७४. सावनेरला शिकवायची नोकरी ठरल्यात जमा होती. अट एकच, परीक्षा पास व्हायची.

प्रात्यक्षिक परीक्षेसाठी माझ्या आणि वर्गातल्या रुपरावच्या वाट्याला क्रोमिक क्लोराइड बनवायला आलं होतं, तेही पाण्याचा अंश नसलेलं. नारिंगी डायक्रोमेट जाळून मी हिरवी भुकटी केली, ती नळीत लालबुंद तापवली आणि तिच्यावरून कार्बन टेट्राक्लोराइडची वाफ सोडली. त्यात विषारी वायू निघतो. आठ दिवस मी खोकत होते. शेवटी नळीच्या थंड टोकाला जांभळे, चकचकीत पापुद्रे धरले. प्रयोगशाळेतले धोंडबाकाका बघतच राहिले.

बाहेरगावच्या परीक्षकांनी चिमूटभर पापुद्रे पाण्यात टाकले. ते तसेच तरंगत राहिले. विरघळत नाही म्हणजे हे क्लोराइडच नव्हे, असा त्यांनी निकाल दिला. रुपरावच्या मालात पाणी शिरलं होतं; त्याचे हिरवे स्फटिक झटकन विरघळले आणि तो पास झाला.

मी सांगितलं, शुद्ध असलं की ते पाण्याला दाद देत नाही. जस्ताचा तुकडा आणि थोडं आम्ल घालून बघा. ते ऐकेनात, म्हणून मीच घातलं. बघता बघता पापुद्रे विरघळून पाणी गर्द हिरवं झालं. बाहेरचं काही घातलेलं धरता येत नाही, म्हणाले, आणि शाईनं शून्य लिहिलं. गाढवापुढे वाचली गीता!

सही झाल्यावर त्यांनी माझी बाटली कागदात गुंडाळून बॅगेत ठेवली. त्यांच्या कॉलेजात म्हणे असा नमुना नव्हता.

"पोरी, तुले फेल केलं वं, अन् माल तुयाच नेऊन राहिले," धोंडबाकाका म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बॅगेतून बाटली काढली. कॉलेजात मी जपून बोलायची, पण तेव्हा घरचीच बोली तोंडात आली. "नापास माल काहून नेता सर?"

"नमुना राहू दे," ते हळू आवाजात म्हणाले. "मग गुणांचं बघू."

मी कोरं लेबल त्यांच्यापुढे ठेवलं. "यात काय आहे ते तुमच्या हातानं लिहा."

ते पेन उघडून उभे राहिले. मग पेनाला टोपण लावलं, बॅग उचलली आणि गेले. बाटली माझ्याकडे राहिली. सावनेरची नोकरी रुपरावला मिळाली.