नंदाबाईंची रविवारची इर्जिक

भातलावणीची इर्जिक गुरुवारी ठेव, असं आदिनाथनं आईला दहादा सांगून पाहिलं. कान्हे गावात आता घरटी एक तरी माणूस कंपनीत, आणि कंपन्यांना सुट्टी गुरुवारची. पण ऐकतील तर त्या नंदाबाई कसल्या. इर्जिकीला येणाऱ्याला मजुरी द्यायची नसते, पोटभर मटण वाढायचं असतं. आणि गुरुवारी त्यांच्या चुलीवर मटण चढत नाही. "वांग्याच्या भाजीवर माणसं राबवू व्हय?" म्हणाल्या आणि रविवार धरला.

रविवारी आठ वाजले तरी बांधावर त्या एकट्याच. खाचरात चिखल तयार, रोपाच्या मुठी बांधलेल्या, घरी पातेल्यात चार किलो मटण. दीर रखमाजी तेवढे येऊन गेले, तेही दोन्ही पोरं फर्स्ट शिफ्टला गेली हे सांगायला.

बाकी जमीन एमआयडीसीत गेली, हे एकच खाचर उरलेलं. यंदा भाताची आवणी झाली नाही तर मुरूम टाकून ते ट्रक उभे करायला द्यायचं, हे आदिनाथनं आईकडून कबूल करून घेतलं होतं. रोप पिवळं पडायला लागलेलं. गुरुवारपर्यंत कशाला थांबतंय ते.

खाचराच्या वरच्या अंगाला नंदाबाईंच्याच भाड्याच्या खोल्या. तिथं झारखंडची माणसं राहायची, कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली. त्यांच्या मोहरीच्या तेलाच्या वासावरून नंदाबाई दिवसातून एकदा तरी तोंड सोडायच्या. त्यातली फुलमनी नळावर भांडी घासत होती. ती बांधावर आली, माणसं आली नाहीत का म्हणून विचारलं. आपली भांडी बघ, म्हणून नंदाबाईंनी तिला परतवून लावलं.

ती गेली आणि थोड्या वेळानं सात माणसं घेऊन आली. नाइट शिफ्टवरून आलेला नवरा, डोळे तांबारलेले, तोही त्यात. साडी खोचून फुलमनी चिखलात उतरलीसुद्धा.

"अगं, इर्जिक हाय ही. पैका मिळायचा न्हाई."

"आमच्या गावी पण असंच असते, मावशी. मदइत बोलतात. पैसे नाही. खाना, आणि भाताची दारू."

"खाना हाय. दुसरं काय मिळायचं न्हाई हितं."

मग काय, मागं सरकत सरकत, गाणी म्हणत त्यांनी खाचर हिरवं करत आणलं. सुनांच्या भाकरीतही खोट काढणाऱ्या नंदाबाई मुद्दाम वाकून बघत होत्या. एका जागी रोवलेल्या चुडात रोपाची काडी कमी नाही, जास्त नाही. शेवटी रांगा फारच सरळ आहेत, एवढंच त्यांना बोलता आलं.

साडेतीनला आदिनाथ कंपनीच्या कपड्यातच आला. बांधावर पंगत बसलेली. इर्जिकीला घरच्या पुरुषानं वाढायचं असतं. नंदाबाईंनी रश्श्याची बादली त्याच्या हातात दिली. पंगतीतले दोघं त्याच्याच लाइनवर क्रेट उचलायचे. ते उठायला लागले, तोही घुटमळला.

"बसा रं," नंदाबाई म्हणाल्या. "तिकडं तो सायेब आसंल. हितं तो वाढपी हाय."

आदिनाथ वाढत निघाला. फुलमनीपाशी आल्यावर नंदाबाईंनी पळी स्वतः घेतली, बादलीतली नळी शोधून तिच्या ताटात घातली. इर्जिक फेडायची असते, तुझ्या गावाला वाकायला मी कशी येऊ, म्हणून विचारलं.

"नको येऊ. कापायला पण बोलवा."

"बोलवायचं काय त्यात? तुमीच लावलंय, तुमीच कापा," नंदाबाई म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावून नसलेल्या धुराला शिव्या घालू लागल्या.

ट्रकांचा विषय आदिनाथनं काढला नाही. तो पुन्हा पहिल्या ताटापासून वाढत निघाला.