तेरा-तेराच्या दोन ओळी

"हे सील तोडा," गृहस्थ म्हणाले.

"आधी पावती करू या की."

"नाही. आधी सील तोडा, मी हात लावून बघतो, मग पावती."

मी न बोलता मागच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'सील तोडले की माल तुमचा.' माझ्या थोरल्या भावानं, दादानं, स्वतःच्या हातानं लाल रंगात रंगवलेली पाटी. बोट दाखवून झाल्यावर लक्षात आलं, की समोरच्या माणसाच्या काखेत घडी घातलेली पांढरी काठी आहे. मी जीभ चावली आणि बोट हळूच खाली घेतलं.

कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं हे दुकान दादाचं. गल्ला त्याचा, पाटी त्याची आणि डोकं माझं, असं मी गेली सतरा वर्षं ज्याला त्याला ऐकवत आले आहे. त्यातही मदरबोर्ड हा माझा प्रांत. कोणत्या गिऱ्हाइकाला कोणता बोर्ड लागेल हे त्यानं तोंड उघडायच्या आत मी सांगते आणि दहात नऊ वेळा ते बरोबर निघतं. या गृहस्थांच्या बाबतीतही मी मनात ठरवून टाकलं होतं. साधा पांढरा शर्ट, झिजलेल्या चपला, वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. म्हणजे स्वस्तातला कुठलाही बोर्ड चालेल, पाच मिनिटांचं काम; म्हणून हाताला लागलं ते खोकं पुढे ठेवलं होतं.

"कशासाठी हवाय काका?"

"छापायला."

शहराच्या टोकाला अंधशाळा आहे. तिच्या छापखान्यात हे तीस वर्षं ब्रेलची पुस्तकं छापत होते. तिथली मुलं त्यांना टिंबकाका म्हणतात, हे त्यांनीच हसत सांगितलं. छापायचं यंत्र त्यांच्या नोकरीइतकंच जुनं, कागदावर ठोके मारून टिंबं उठवणारं. यंत्र ठणठणीत होतं, पण त्याला जोडलेला कॉम्प्युटर गेल्या आठवड्यात बसला. बोर्डावरचे कपॅसिटर फुगले होते.

"नवं यंत्र घ्यायचं म्हणजे एक छोटं घर घेण्यासारखं आहे," ते म्हणाले. "समितीनं सांगितलंय, बोर्ड बदलून चाललं तर ठीक, नाहीतर यंत्र भंगारात. आणि आमच्या टेलिफोन ऑपरेटरबाईंची वकिलीची परीक्षा आहे अठरा तारखेला. पुराव्याच्या कायद्याचे चार खंड छापून दिलेत, दोन राहिलेत."

"ऐकून नाही का करता येत अभ्यास? आता तर मोबाइल सगळं वाचून दाखवतो."

"मीही तेच म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, ऐकून कायदा पाठ होतो, समजत नाही. कलमावर बोट ठेवता आलं पाहिजे."

यंत्राची वायर जुन्या रुंद पोर्टाची, पूर्वी प्रिंटरला असायची ती. मी लगेच शहाणपणा दाखवला. यूएसबीला लावायचा कन्व्हर्टर मिळतो. त्यांनी वापरून पाहिला होता, अर्धी ओळ नीट येते आणि पुढे सगळा गोंधळ. मग वेगळं कार्ड? तेही आणलं होतं. जुनं सॉफ्टवेअर तो पोर्ट बोर्डावरच्या ठरलेल्या जागीच शोधतं, दुसरीकडे ढुंकून बघत नाही. माझ्या भात्यातले दोन्ही बाण संपले.

"बोर्डावरच तो पोर्ट हवा," ते म्हणाले. "मागे नसला तरी चालेल. आत नुसत्या पिना असल्या तरी पुरे. तेरा-तेराच्या दोन ओळी आणि टोकाला एक पिन गाळलेली. जोडायची वायर माझ्याकडे आहे."

हे इतकं बिनचूक होतं, की मी स्टूल सरकवून सरळ बसले. आणि मग मला आठवलं, की असल्या पिना आता फक्त हलक्या बोर्डांवरच उरल्या आहेत. महागड्या बोर्डांवर दिव्यांच्या माळा आणि धातूच्या झुली चढल्या, त्यात या पिनांची जागा गेली. हिशेबाच्या कचेऱ्या आणि वजनकाटेवाले अजून जुनी यंत्रं वापरतात, त्यांच्यासाठी कंपन्या स्वस्तातल्या एखाद-दुसऱ्या बोर्डावर त्या ठेवतात.

मी आधीचं खोकं बाजूला सारून दुसरी तीन काढली आणि त्यांवरची नावं वाचून दाखवली. सगळ्यात वरच्या खोक्यावर मागे यादीच होती. "हे घ्या. इथं लिहिलंय, प्रिंटर पोर्टाच्या पिना आहेत. मॅन्युअलमध्येही असणार."

"आहे. चौदाव्या पानावर. ऐकलंय मी."

"मॅन्युअल ऐकलंत?"

"चार ऐकली. कॉम्प्युटरकडून वाचून घेतली. म्हणून तर सील तोडा म्हणतोय. लिहिलेलं ऐकून झालं, आता असलेलं बघायचंय."

दादा गल्ल्यावरून म्हणाला, "काका, सील तुटलं की माल जुना होतो. दुसरं कोणी घेत नाही. तीन-तीन खोकी फोडायची म्हणजे..."

"तुटलेले मी विकीन," मी म्हटलं आणि कात्री चालवली. दादाच्या देखत त्याची पाटी मोडायची ही सतरा वर्षांतली पहिलीच वेळ. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की घरी गेल्यावर वहिनीपुढे माझा पंचनामा होणार हे नक्की.

काका उठले आणि हवेत हात फिरवू लागले. मला वाटलं, तोल जातोय. मी खुर्ची पुढे केली.

"खुर्ची नको, लोखंड हवंय," ते म्हणाले. मी त्यांचा हात कपाटाच्या मुठीवर ठेवला. अंगात साठलेल्या विजेनं बोर्ड जळू शकतो; ती तिथं उतरवून मग ते बोर्डाकडे वळले. आमच्याकडे कामाला येणाऱ्या निम्म्या मंडळींना मी ही गोष्ट ओरडून ओरडून शिकवली आहे आणि तरी ती विसरतात.

त्यांच्या डाव्या हाताच्या एका बोटावर, करंगळीशेजारच्या, मऊ कापडाची टोपी होती. कापलं असेल असं मला वाटलं. त्यांनी ती दातांनी दोरा सोडून काढली आणि खिशात ठेवली. बोट कोरडं, स्वच्छ होतं, जखम कुठंच नव्हती. मी प्रोसेसरच्या नाजूक जागेवर माझा तळवा आडवा धरला. ते म्हणाले, "बरं केलंत." मग त्या एकाच बोटानं ते बोर्डाच्या कडेकडेनं निघाले, सावकाश, अंधारात ओळखीच्या जिन्यावरून उतरावं तसे.

"हे समोरच्या बटणांचं... हे आवाजाचं... ही नऊ पिनांची, ही नव्हे." बोट थांबलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. "ताई, इथं बघा."

मी वाकले. तेरा-तेराच्या दोन ओळी होत्या. पण पिना नव्हत्या. नुसती भोकं, वरून डाग देऊन बुजवलेली.

"जागा आहे, पिना नाहीत," काका म्हणाले. "बोर्डाची आवृत्ती बदलली असणार. पैसे वाचवायला पिना गाळल्या आणि खोकं जुनंच ठेवलं."

मी खोकं उलटून पाहिलं. एका कोपऱ्यात बारीक अक्षरात आवृत्तीचा आकडा होता. असले बोर्ड मी त्या महिन्यात कितीतरी विकले होते. रोज हातात घेत होते, आणि त्या बुजवलेल्या भोकांकडे माझे दोन धडधाकट डोळे एकदाही गेले नव्हते. मला लाज वाटली, आणि ती मी त्यांना बोलूनही दाखवली.

"तुम्हाला पिना लागल्या नाहीत, म्हणून त्या नाहीत हे दिसलं नाही," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "मला लागतायत."

दुसऱ्या बोर्डावर तर जागाही नव्हती. तिसऱ्यावर पिना होत्या, पण त्या दुसऱ्याच कशाच्या तरी. काका एकदाही वैतागले नाहीत. प्रत्येक बोर्ड शेवटपर्यंत तपासला, प्रत्येक वेळी बोट आधी रुमालाला पुसलं.

काउंटरवर तीन उघडी खोकी पडली होती. मी दादाकडे बघायचं टाळत होते. तेवढ्यात गल्ल्याचा ड्रॉवर बंद झाल्याचा आवाज आला. दादा उठला, गुडघ्यांवर बसला आणि खालच्या फळीच्या तळातून एक धुळकट खोकं ओढून काढलं. दुकानातला सगळ्यात स्वस्त बोर्ड. तो गिऱ्हाइकाला दाखवायचीसुद्धा मला लाज वाटायची.

"हा जुन्या खेपेतला आहे," दादा म्हणाला. त्यानं खोकं शर्टाच्या बाहीनं पुसलं आणि स्वतः सील तोडलं. पाटी त्याच्या डोक्यावरच होती.

काकांचं बोट कडेनं निघालं. अर्ध्यावर थांबलं. एक ओळ मोजली, दुसरी मोजली, टोकाशी गेलं आणि गाळलेल्या पिनेच्या जागी विसावलं.

"पंचवीस," ते म्हणाले. "करा पावती."

साधासा प्रोसेसर आणि एक रॅम मी त्यात घातली. जोडायला मी स्वतःच जाईन असं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेले. छापखाना म्हणजे जिन्याखालची एक खोली. जाड कागदांचे गठ्ठे, एक टेबल आणि आतून गादीचा थर लावलेल्या मोठ्या पेटीत बसवलेलं यंत्र. तिथंच कोपऱ्यात शाळेचा टेलिफोन बोर्ड होता आणि त्यापुढे ऑपरेटर बसली होती. पस्तिशीची, तीही अंध, बोलायला चाबूक.

"आल्या का बोर्डवाल्या? चार दिवस उरलेत माझे. नीट जोडा."

"जोडते हो. कोर्टात खेचू नका म्हणजे झालं."

"सनद मिळाल्यावर विचार करीन."

जोडणी झाली. पण चालू करताना एक अडचण आली. कॉम्प्युटर एरवी त्यांच्याशी बोलतो, पण बोर्डाची सुरुवातीची सेटिंग मुकी असते. तिथं डोळेच लागतात. आता तरी माझा उपयोग आहे म्हणून मी खुर्ची पुढे ओढली, तर काका पाठीमागून म्हणाले, "तिसरं पान. चार वेळा खाली. पोर्ट चालू करा. पत्ता पहिलाच ठेवा." पडद्यावर अगदी तसंच होतं. याही बोर्डाचं मॅन्युअल त्यांनी रात्रीत ऐकून घेतलेलं दिसत होतं. मी फक्त बटणं दाबली.

तेवढ्यात शिपाईमावशींनी चहा आणला. कप बिनकानाचे, काचेचे. मी माझा उचलला आणि चटका बसून लगेच टेबलावर ठेवला. काकांनी मात्र कप चार बोटांत आरामात धरला आणि सॉफ्टवेअरबद्दल बोलत राहिले. टोपीवालं बोट तेवढं कपापासून लांब, वर उचललेलं. कपातून वाफा येत होत्या. काचेला टेकलेली त्यांची बोटं लाल होत चालली होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

"काका, कप ठेवा! भाजतंय!"

"असं का?" म्हणत त्यांनी तो घाईनं, जरासे ओशाळून खाली ठेवला.

ते वायर शोधायला मागच्या कपाटाकडे गेले, तेव्हा ऑपरेटर आवाज खाली आणून म्हणाली, "मधुमेह आहे त्यांना. बोटं बधिर झालीत सगळी. बोर्डाच्या पिना कदाचित कळतीलही, पण कागदावरची टिंबं नाही कळत. ते एक बोट जागं आहे अजून. त्याला ते कशालाच लावत नाहीत. जेवताना नाही, अंघोळीला नाही. बायकोनं टोपी शिवून दिलीय."

"मग छापतात कसे?"

"छापायचं काम यंत्र करतं हो. वाचायचं काम त्यांचं. न वाचलेलं पान या खोलीच्या बाहेर जात नाही. तीस वर्षांत एकही गेलेलं नाही. माझे चारही खंड त्या एका बोटानं वाचलेत."

मला आदल्या दिवशीचं दुकान आठवलं. चार बोर्ड, कडेपासून कडेपर्यंत, टोकदार पिनांवरून. इतकं जपून ठेवलेलं बोट त्यांनी माझ्या काउंटरवर खर्ची घातलं होतं, आणि मी मनात पाच मिनिटांचं काम म्हणून मोकळी झाले होते. मी कॅबिनेटचे स्क्रू उगाच पुन्हा आवळत बसले.

काकांनी वायर लावली. यंत्र एकदा घरघरलं, आणि मग पेटीचं झाकण असूनही खोलीभर ठोके घुमू लागले. ऑपरेटर खुर्चीतून अर्धी उठली. पहिलं पान बाहेर आलं. काकांनी टोपी काढली, बोट रुमालाला पुसलं आणि वाचायला लागले. खाली पोचल्यावर ते पुन्हा वर आले.

"तिसऱ्या ओळीत सहावं टिंब फिकं उठलंय. ठोका जरा वाढवतो."

"द्या इकडे," म्हणत ऑपरेटरनं पान घेतलं आणि दोन्ही हातांनी भराभर वाचलं. "मला तर सगळं लागलं की नीट."

"आज लागलं. शंभर वेळा बोट फिरलं की ते टिंब आधी झिजेल." आणि ते पान त्यांनी बाजूला ठेवून पुन्हा छापायला लावलं.

निघताना मी वॉरंटी कार्ड काढलं. "नाव कोणाचं घालू? शाळेचं की तुमचं?"

"किती वर्षांची आहे?"

"तीन."

"मग ऑपरेटरबाईंचं घाला. परीक्षा झाली की त्या बसणार आहेत या यंत्रापाशी, वकिली सुरू होईपर्यंत."

"मी असं कधी म्हटलंय?" ऑपरेटर म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. टेलिफोन वाजत होता, तोही तिनं उचलला नाही.

काकांनी टोपी बोटावर चढवली, दोऱ्याचं एक टोक दातांत धरून गाठ मारली आणि हात मांडीवर ठेवून यंत्राशेजारी बसले. ठोके थांबले. पान ट्रेमध्ये पडलं. त्यांनी गाठ सोडली, टोपी काढली, बोट पुसलं आणि पहिल्या ओळीवर ठेवलं. दोन खंडांची आणखी पाचशे पानं व्हायची होती. मी कार्डावर ऑपरेटरचं नाव लिहिलं आणि त्यांचं पान वाचून होईपर्यंत तिथंच उभी राहिले.