राळ लावलेला दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. हसू नका. तुमच्या घरात घड्याळं, छत्र्या, सायकली असतील आणि त्यांची मोठमोठी आत्मवृत्तं असतील. माझं तसं नाही. मी तळहाताएवढा, काळसर, गुळगुळीत. पण माझ्या अंगावर तीन बायकांचे तळवे फिरले आहेत, आणि प्रत्येकीचा तळवा मला आजही वेगळा ओळखता येतो.

माझा जन्म जुर्जुराच्या डोंगरातल्या एका ओढ्यात झाला. तिथे पाण्याने मला किती वर्षं घोळवलं कोण जाणे. मग एका म्हातारीने मला उचललं, उन्हात वाळवलं आणि घरातल्या कोनाड्यात ठेवलं. तेव्हा मला कळलं, आपल्याला नोकरी लागली.

नोकरी मोठी विचित्र होती. नमाजाआधी हात, तोंड, पाय धुवायचे असतात, त्याला वजू म्हणतात. पण माणूस आजारी असेल, अंगाला पाणी चालत नसेल, तर स्वच्छ मातीवर किंवा दगडावर तळवे टेकवायचे आणि ते तोंडावरून, हातांवरून फिरवायचे. तो तयम्मुम. माझं काम तेवढंच. म्हणजे बघा, घरात सगळे धडधाकट असले की मी बेकार, आणि कुणी अंथरुणाला खिळलं की मी कामावर. मला काम मिळू नये अशीच घरातली प्रत्येक बाई मनात म्हणत असणार. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

त्या म्हातारीनंतर तिची सून, आणि सुनेनंतर तिची सून वर्दिया. वर्दिया कुंभारकाम करायची. आमच्या डोंगरात हे काम बायकांचं. चाक नाही, नुसते हात. मडकं उघड्या जाळात भाजलं की ते गरम असतानाच त्यावर पाइनची राळ फिरवायची, मग ते मधासारखं चमकतं. नक्षी ती उजव्या हाताच्या पहिल्या, अंगठ्याजवळच्या बोटाने काढायची. कुंचला घेतच नसे. "बोटाला कळतं कुठे थांबायचं," म्हणायची.

पुढे ती म्हातारी झाली, साखरेचा आजार जडला, आणि मुलगा मोहंद तिला तिझी उझू शहरात, चौथ्या मजल्यावरच्या आपल्या घरी घेऊन आला. तिने सोबत तीन गोष्टी आणल्या: कपड्यांचं गाठोडं, रंग-राळेची पेटी आणि मी. खिडकीजवळच्या फळीवर माझी सोय झाली. घरात सगळीकडे गुळगुळीत फरशी, भिंतींना तेलरंग. माती म्हणून औषधाला नाही.

मोहंदची मुलगी थिझिरी, वय तेरा. आजीला ती जिद्दा म्हणायची, तिच्याकडून नक्षी शिकायची आणि एक क्षण गप्प बसायची नाही. त्या हिवाळ्यात तिला शिकवताना जिद्दाच्या त्याच नक्षीच्या बोटाला रंग खरवडायच्या पातीने कापलं. जखम भरेना. डॉक्टरांनी जाड पट्टी बांधली आणि सांगितलं, "आजी, दीड महिना या हाताला पाण्याचा थेंबसुद्धा नको."

"थेंब नको तर नको," जिद्दा म्हणाली. "माझा दगड आहे ना."

मित्रांनो, त्या दिवशी मला जो मान मिळाला! दिवसातून पाच वेळा तो खरखरीत डावा तळवा आणि पट्टीतला उजवा हात माझ्यावर हळूच टेकायचे. जखम सुकू लागली होती. डॉक्टरसुद्धा खूश होते.

आणि मग आला येन्नायर, आमचं नवं वर्ष. घरात कोंबडी घालून कुसकुस शिजत होतं. जिद्दा दुपारची डुलकी घेत होती. थिझिरी चवड्यांवर चालत आली आणि मला उचललं. तिने माझ्यावर लाल-काळी नक्षी काढली, त्रिकोण, ठिपके, कडेला पाण्याची रेघ. मग गॅसवर जाळी ठेवून मला तापवलं आणि जिद्दाच्या पेटीतली राळ घेऊन माझ्या सर्वांगावर फिरवली, अगदी आजीने शिकवलं होतं तशी. मी ओरडलो असतो. पण ओरडायला तोंड लागतं.

"जिद्दा, डोळे मीट. हात पुढे कर."

पोरीने मला तिच्या डाव्या हातावर ठेवलं. तळवा माझ्यावर सरकला, थोडासा चिकटला आणि थांबला. जिद्दाला सगळं कळलं. ज्या बाईने साठ वर्षं राळ लावली, तिला बोटांनी नाही कळणार? तिच्या तळव्याला आता दगड लागतच नव्हता, मध्ये राळ होती. अशा दगडावर तयम्मुम होत नाही.

"आवडला?" थिझिरी नुसती उड्या मारत होती. "शेवटची रेघ बघ, तुझ्यासारखीच आलीय ना?"

जिद्दाने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "माझ्यापेक्षा सरळ आलीय, माझे बाई."

बस्स. एवढंच बोलली.

मग माझं कौतुक काय सांगू! शेजारची तसादित कुसकुसची थाळी घेऊन आली आणि कंबरेवर हात ठेवून उभीच राहिली. "अगं वर्दिया, हा दगड आहे की नवरी? बघणारे कधी येतायत?"

"आधी तुझ्या मुलाचं बघ," जिद्दा म्हणाली, "तो दगडापेक्षा जड झालाय." दोघी हसल्या. मी फळीवर चमकत होतो. इतका देखणा मी जन्मात नव्हतो आणि इतका निकामीही.

संध्याकाळच्या नमाजाआधी खोलीत कोणी नव्हतं. जिद्दा माझ्याजवळ आली आणि पुटपुटली, "दुसरा दगड मागवला तर पोर विचारेल, याला काय झालं. काय सांगू तिला?" मग ती न्हाणीघरात गेली. नळाचा आवाज आला.

नियमाने तिचं चुकत नव्हतं. जखमेवर पट्टी असेल तर पट्टीवरून नुसता ओला हात फिरवला तरी वजू होते. तिने तेच केलं. थेंब नव्हेच, नुसता ओलावा. पण दिवसातून पाच वेळा, भर थंडीत, जाड पट्टीवर. एक ओल सुकायच्या आत दुसरी. मला फळीवरून दिसायचं, पट्टीची कड पिवळी पडत चालली होती. मी सांगणार कोणाला? थिझिरी येता-जाता मला फडक्याने पुसायची, "चमक गेली नाही ना" म्हणून. मी तिच्या हातात असायचो आणि तरी काही करू शकत नव्हतो.

दहाव्या दिवशी पट्टी बदलायला नेलं आणि जिद्दाला दवाखान्यातच ठेवून घेतलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हणे ती म्हणाली, "हवा दमट आहे, त्यानेच असेल." पहिलं बोट मधल्या पेरापासून कापावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मोहंद घरी आला. त्याने मला उचललं, नाकाशी नेलं, आणि तसाच खाटेवर बसला.

"बाबा, तो नेतोयस तिच्यासाठी?" थिझिरी दारात होती. "कापडात गुंडाळ हं, चरा पडेल."

"यम्माने, तुझ्या जिद्दाने, दगड मागितलाय," तो म्हणाला. "म्हणाली, साधा आण. रंग न लावलेला."

"का? हा तर..."

"राळेवर तयम्मुम होत नाही, बाळा."

थिझिरीने मला त्याच्या हातातून घेतलं आणि माझ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मग इतके दिवस ती कशाने..." आणि तिची नजर न्हाणीघराच्या दाराकडे गेली. मोहंदने तिच्याकडे पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी तिने मला सुरीने खरवडलं. मग वाळूच्या कागदाने, मग नखांनी. रंग गेला, पण राळ माझ्या बारीक भेगांत उतरली होती, ती काही केल्या निघेना. तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडायचं आणि राळेवरून घरंगळून जायचं. मला तेही आत घेता येत नव्हतं.

आता फळीवर दोन दगड आहेत. मोहंदने त्याच ओढ्यातून आणलेला नवा, आणि मी. मला फेकू दिलं नाही जिद्दाने. थिझिरीला ती रागावली नाही, एका शब्दानेही. कधी कधी मला वाटतं, रागावली असती तर पोरीला बरं वाटलं असतं.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. कुणावर माया असेल तर भरपूर करा, पण त्याच्या रोजच्या वस्तूला हात लावण्याआधी त्याला विचारा, याचं तू काय करतोस. आणि कुणी तुमच्यावर माया केली आणि ती तुम्हाला टोचली, तर सांगा. पोरं तेवढी कच्ची नसतात.

काल दुपारी जिद्दा नमाजाला बसली आणि थिझिरी पहिल्यांदाच तिच्या शेजारी बसली. नमाजाच्या शेवटी बसल्यावर उजव्या हाताचं पहिलं बोट उचलायचं असतं, देव एक आहे याची साक्ष म्हणून. जिद्दाच्या हातातून अर्धंच बोट वर आलं, पट्टीतलं. थिझिरीने तिकडे पाहिलं. मग तिनेही आपलं बोट उचललं. ते पूर्ण होतं, पण तिने ते मधूनच दुमडलं आणि आजीच्या बोटापेक्षा वर जाऊ दिलं नाही.