शरणम्माची मूठ

बजाबाईंनी पिशवीची गाठ दातांनी सोडली आणि व्यासपीठापुढच्या टोपलीत जोंधळे ओतले. तोवर टोपलीचा तळ जेमतेम झाकला होता. या दोन शेरांनी ती एकदम भरल्यासारखी दिसायला लागली. पिशवी उलटी करून त्यांनी दोनदा झटकली, तिची घडी घातली आणि बायकांच्या बाजूला भिंतीलगत आपल्या चटईवर जाऊन बसल्या.

भाकरीसाठी धान्य काढताना एक मूठ देवाच्या नावानं वेगळ्या गाडग्यात टाकायची आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी ती साठलेली मूठ देवळात आणायची, हा सोलापूरच्या या लहानशा ख्रिस्ती मंडळीचा जुना रिवाज. जुना म्हणजे आता मोडत आलेला. गिरणीत पाळीला जाणाऱ्या बायकांना सकाळी भाकरी थापायलाच वेळ पुरत नाही, तिथं देवाच्या गाडग्याची आठवण कुणाला राहणार? टोपलीत नेमानं धान्य यायचं ते अक्कलकोटच्या पलीकडून, मैंदर्गीच्या रस्त्यावरच्या एका वाडीतून. तिथल्या शरणम्मा नावाच्या म्हातारीचं. मिशनतर्फे खेड्यांत देवाचं वचन सांगत फिरणाऱ्या बजाबाई ते घेऊन यायच्या.

उपासना संपली, पण आज कुणी उठलं नाही. मिशनचे साहेब मायदेशी गेले होते ते कायमचेच. आता मंडळीचं मंडळीनं बघायचं, असं त्यांचं पत्र आलं होतं. पाळक हरिबा साळवे यांनी ते दोनदा वाचून दाखवलं आणि चष्मा काढून हातात धरला.

"तीन कामं आहेत," ते म्हणाले. "गिरणीच्या चाळीतली शाळा, आजाऱ्यांच्या भेटी आणि खेड्यांवरचं काम. तिन्ही आपल्याच्यानं निभायची नाहीत, माणसंच तेवढी नाहीत. काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते आज ठरवू या."

श्रीमंत कांबळे उठला. गिरणीत मुकादम, आवाज खणखणीत. साच्यांच्या खडखडाटात बोलायची सवय झालेला माणूस देवळातही हळू बोलू शकत नाही.

"खेडी आता हितंच आली की! मंगळवेढ्याचा माणूस चाळीत, केमचा माणूस चाळीत. मग खेड्यात जाऊन भेटायचं कुणाला? बाईसाहेबांनी राग मानू नये, पन इचारतो. मैंदर्गीकडं आपली किती माणसं हायेत?"

बजाबाईंनी पदर सारखा केला.

"एक."

पुरुषांच्या बाजूला कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यात हसू लपवलं. श्रीमंत हसला नाही. तो वाईट माणूस नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याचं चुकतही नव्हतं. प्लेगाच्या आणि मानमोडीच्या साथी येऊन गेल्यावर बजाबाईंच्या पाच गावांचं एक गाव उरलं होतं, आणि त्या गावात एक शरणम्मा.

पण बजाबाई देवळामागच्या खोलीत एकट्या राहत. एक चूल, एक तवा, एक ताट. लोक भेटले की हात जोडत, वाट सोडत, तब्येत विचारत आणि पुढं जात. महिन्यातून एकच दिवस असा होता, की त्या दिवशी कुणीतरी त्यांची वाट बघत दारात बसलेलं असे. तो गेला, तर मग उरलेल्या एकोणतीस दिवसांचं करायचं काय?

त्या उठून उभ्या राहिल्या. एरवी त्या सभेत बोलत नसत.

"एकच आहे. पण ती टोपली बघा. आपण इथं साठ-सत्तर माणसं. त्यात मूठ कुणाची आहे? प्रभाबाईंनी आणली, धुळाप्पाच्या घरून आली. बाकीचं धान्य तिचं आहे. डोळ्यांनी धड दिसत नाही तिला. लोकांच्या रानात काढणीनंतर पडलेली कणसं, सरवा वेचते. तरी एकोणीस वर्षांत एक महिना चुकला नाही. तिला सोडून द्यायचं म्हणता?"

बायका एकमेकींकडं न बघता खाली बघायला लागल्या. श्रीमंतच्या बायकोनं, विजयमालेनं, मांडीवरच्या पोरीचं झबलं उगाच नीट केलं. श्रीमंत खाली बसता बसता म्हणाला, "न्हाई बाबा, एवढं असंल तर माझं काय म्हननं न्हाई."

पाळकांना भरून आलं होतं. त्यांनी ठराव सांगितला: शरणम्माची मूठ येते तोवर खेड्यांवरचं काम बंद करायचं नाही. शिवाय पुढच्या महिन्यात सुगीची उपासना आहे, तेव्हा तिला सोलापुरात आणायचं, सगळ्यांपुढं उभं करायचं. आपली मंडळी कोणत्या वाटेनं जायला हवी, ते ती म्हातारी दाखवील. सगळे हात वर झाले. बजाबाईंना इतका आनंद झाला, की घरी गेल्यावर आपण चूल पेटवली नाही हे त्यांच्या फार उशिरा ध्यानात आलं.

*

पंधरा दिवसांनी त्या निघाल्या. पहाटेच्या गाडीनं अक्कलकोट रोड स्टेशन, तिथून सर्व्हिस मोटारीनं अक्कलकोट आणि पुढं चार मैल पायी. रानात जोंधळ्याची काढणी चालली होती. वाडीच्या अलीकडं एक विहीर आहे. तिथल्या लिंबाखाली बसून त्यांनी फडक्यातली भाकरी सोडली, चटणीशी खाल्ली, पाणी प्यायल्या. हाही त्यांचा एकोणीस वर्षांचा नेम. कामावर घेताना मिशनच्या जुन्या मडमेनं त्यांना बजावलं होतं, कुणाच्या दारी अन्न घ्यायचं नाही. लोक म्हणतील, ही बाई भाकरीसाठी देव विकत फिरते. मडम कधीच वारली होती. बजाबाईंनी नेम मोडला नव्हता.

शरणम्माचं खोपट गावकुसाबाहेर, वस्तीच्या टोकाला होतं. तिचा नवरा कातडी कमवायचा. तो गेल्याला बरीच वर्षं झाली होती. ती दारातच बसली होती. पावलं ओळखून तिनं मान वर केली.

"बा अक्का, बा. ऊट आता?"

या, जेवण झालं का? हे ती दर खेपेला कानडीत विचारायची, आणि बजाबाईही दर खेपेला तेच उत्तर द्यायच्या.

"झालं गं, वाटेत झालं."

"व्हय," शरणम्मा म्हणाली आणि घोंगडं झटकून त्यांच्यासाठी पसरलं. स्वतः ती नेहमीसारखी उंबऱ्याच्या आत भुईवर बसली.

बजाबाईंना धीर कुठला! पुस्तकाची पिशवी खांद्यावरून उतरायच्या आधीच त्यांनी सगळं सांगून टाकलं. सभा, मुकादमाचा प्रश्न, आपण कसं उठून बोललो, आणि सगळ्यांचे हात कसे वर झाले.

"तुला न्यायला येणार आहे मी. गाडीत बसायचं, घाबरायचं नाही. सगळ्या मंडळीपुढं तुला उभी करणार आहेत. एवढ्या मोठ्या शहराला जमलं नाही ते तू केलंस. देवाची मूठ कधी चुकवली नाहीस."

शरणम्मा आपल्या धुरकट डोळ्यांनी आवाजाच्या रोखानं बघत राहिली.

"कुठली देवाची मूठ?"

"अगं, ही!" बजाबाईंनी दाराशी बांधून ठेवलेल्या पिशवीवर हात ठेवला. "दर महिन्याला देतेस ती."

"ती व्हय? ती देवाची कुटली, अक्का? ती तुमची हाय की."

"माझी?"

"मग! तुमी पाटलाच्या लेक. मंगळवेढ्याच्या. आमच्या हातचं शिजलेलं तुमाला चालत न्हाई. एवढी चालून येताय उनातान्हातनं, आन माझ्या दारातनं उपाशी जायचं? आमच्यात तसं करत न्हाईत. कोरडं चालतंय म्हणून कोरडं बांधून देते. शिधा." ती जरा हसली. "तुमी लई वाळलाय म्हणत्यात. शेजारची निंगव्वा म्हणती. म्हणून मूठ जरा मोठीच टाकते."

बजाबाईंचा हात पिशवीवरच राहिला.

बारा वर्षांच्या असताना त्या विधवा झाल्या होत्या. पाटलाचा वाडा, ते माणसांनी भरलेलं घर, तिथलं सोवळं-ओवळं, सगळं सोडून त्या मिशनच्या शाळेत आल्या, त्यालाही चाळीस वर्षं झाली. आपण पाटलाच्या लेक होतो हे त्या विसरून गेल्या होत्या. या उंबऱ्याशी बसून दोनशेच्या वर वेळा त्यांनी सांगितलं होतं, की देवापुढं उच्च नाही, नीच नाही. शरणम्मानं दर वेळी मनापासून व्हय म्हटलं होतं आणि उठून शिधा बांधून दिला होता.

"शरणम्मा," त्या कशाबशा म्हणाल्या, "मी ते कधी खाल्लं नाही गं. मला वाटलं, देवाचं आहे. सगळं देवळात दिलं."

म्हातारीचा चेहरा उतरला.

"म्हंजी कोरडं बी चाललं न्हाई तुमाला," ती म्हणाली.

"नाही, नाही! तसं नाही!" बजाबाई उठून उंबऱ्याच्या आत आल्या, तिच्यासमोर भुईवरच बसल्या. "वाढ मला. आत्ता वाढ. असेल ती भाकरी दे."

"तुमी जेवलाय न्हवं?"

"खोटं सांगितलं. उपाशी आहे. दे मला."

शरणम्माचा हात दुरडीकडं गेला. दुरडीवरचं फडकंही तिनं उचललं. मग ते परत तसंच झाकलं आणि दुरडी हळूच आपल्या पाठीमागं सरकवली.

"नको अक्का. इतकी वरसं पाळलं. आता मी मराया टेकल्यावर माझ्या हातनं तुमी बाटू नका. देवाला काय सांगू मी?"

कोणत्या देवाला, हे बजाबाईंनी विचारलं नाही. त्या तिथंच बसून रडल्या. शरणम्मा बिचारी घाबरून गेली, आपलं काय चुकलं ते तिला कळेना. तिनं हात पुढं केला, पण तो त्यांच्या अंगाला लावला नाही.

*

परतीच्या गाडीत खिडकीशी बसल्यावर बजाबाईंच्या डोक्यात एकेक गोष्ट यायला लागली. नाताळात सोलापूरच्या मंडळीत फराळाची ताटं घरोघर फिरतात. करंज्या, शेव, अनारसे. या घरचं त्या घरी. त्यांच्या खोलीवरही प्रत्येक घरातून ताट यायचं, वर स्वच्छ रुमाल घातलेलं. आत मात्र कोरडा रवा असायचा. गूळ असायचा, नारळ असायचा, पसाभर डाळ असायची. म्हातारं एकटं माणूस, आपल्या सवडीनं करून खाईल, अशी लोकांची माया असेल असं त्यांना वाटायचं. लग्नाच्या जेवणातसुद्धा कुणीतरी आधीच येऊन सांगायचं, बाईसाहेब, तुम्ही दमला असाल, शिधा खोलीवर पाठवतो. देवळातल्या इतर म्हाताऱ्या कुणाच्या मावशी होत्या, कुणाच्या आत्या. बाईसाहेब एवढ्या एकट्या त्याच. आणि ही सगळी माणसं शरणम्माच्याच वस्तीसारख्या वस्त्यांतून, गावकुसाबाहेरून आलेली. अक्कलकोट रोड ते सोलापूर त्यांनी मनातल्या मनात एकेक घर घेतलं आणि तिथं आपण कधी काय खाल्लं ते आठवायचा प्रयत्न केला. एकही घास आठवला नाही.

*

सुगीच्या रविवारी देऊळ भरलं होतं. व्यासपीठाला जोंधळ्याची कणसासकट ताटं बांधली होती. पुढच्या रांगेत शरणम्मासाठी खुर्ची ठेवली होती. ती रिकामी बघून पाळकांनी बजाबाईंना विचारलं, "आली नाही का? बरं नाही का तिला?"

"बरी आहे. नाही म्हणाली."

"आणि मूठ?"

बजाबाई उठल्या. टोपलीकडं न जाता त्या आपल्या चटईवरच उभ्या राहिल्या.

"ती देवाची मूठ नव्हती. मी चुकीचं सांगत आले, तुम्ही मला माफ करा. मी तिच्या हातचं खात नाही असं तिला वाटत होतं, म्हणून ती मला शिधा देत होती."

शिधा म्हणजे काय, ते त्या देवळात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. एवढी माणसं, पण एकानंही मान वर केली नाही. पाळकांनी चष्मा पुसायला घेतला आणि ते पुसतच राहिले. शेवटी शाळेच्या सरोजिनीबाईंनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, "मग मैंदर्गीचं काम? ठराव तर मुठीवर होता."

"तुम्हाला बंद करायचं असलं तर करा," बजाबाई म्हणाल्या. "मी जाणार. एकोणीस वर्षं नुसती बोलत होते तिथं. भाकरी अजून मिळायची आहे."

उपासना कशीबशी उरकली. ठराव पुढच्या बैठकीवर गेला. लोक बाहेर पडले, पण नेहमीसारखे कालवा करत नाही; आवारात घोळके करून, हळू आवाजात बोलत उभे राहिले. बजाबाई पायरीवर आल्या तशी त्यांना वाट मोकळी झाली. एरवी त्या या वाटेनं सरळ मागच्या खोलीकडं जात. आज त्या घोळक्यातल्या श्रीमंतच्या कुटुंबाकडं वळल्या. विजयमाला पोरीला काखेला मारून उभी होती. त्यांना आपल्याकडं येताना बघून ती गडबडली, पदर डोक्यावर घेऊन एक पाऊल मागं झाली.

भर सभेत बोलल्या तेव्हासुद्धा बजाबाईंना इतकी भीती वाटली नव्हती.

"विजयमाला," त्या म्हणाल्या, "आज तुमच्याकडं जेवायला काय केलंय गं?"

विजयमालेनं नवऱ्याकडं बघितलं.