मापाच्या पट्टीने आखलेली खोली

सकाळचा उजेड या खोलीत एकदम शिरत नाही. आधी तो जाड पडद्याच्या कडेशी थबकतो, मग आतल्या पातळ पडद्यातून गाळून घेतल्यासारखा छताच्या कोपऱ्यावर उतरतो आणि तिथे बराच वेळ रेंगाळतो. भिंतीचा रंग दुधात चमचाभर चहा मिसळल्यासारखा आहे. तिच्यावरून खाली सरकताना उजेडही हलक्या पावलांनी चालतो. कपाटाची मूठ, पाण्याचा पेला, उपडे ठेवलेले पुस्तक, त्यावरचा चष्मा, असे एकेक उजळत तो जमिनीवरच्या सपातांपाशी येतो आणि सर्वांत शेवटी माझ्यावर चढतो. मित्रांनो, एखाद्याकडे इतका वेळ टक लावून बघणे बरे नव्हे, हे मला कळते. पण मी पलंग आहे. बावीस वर्षे झाली, पडून राहणे हेच माझे काम आहे.

मला एका सुतारबाबांनी घडवले. त्यांच्याकडे मोजायची टेप होती, पण ती खिशातच राहायची. हाताशी असायची एक लांब लाकडी पट्टी. हवे ते माप ते पेन्सिलीच्या खुणेने तिच्यावर उतरवत आणि त्या खुणेवरून लाकूड कापत. "आकडा डोक्यातून उडतो, खूण उडत नाही," असे ते म्हणत. लेकाच्या लग्नासाठी त्यांनी मला केले आणि पायाकडे वेलबुट्टी कोरलेली उंच, रुंद फळी बसवली. घरी येणारा प्रत्येक जण तिच्यावरून हात फिरवी. मी आतल्या आत फुलून जाई.

माझ्या अंगावर ताप उतरले, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या झाल्या, रुसवे निघाले. लेक शाळेत भूगोल शिकवतो. त्याच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठेही मीच सांभाळले. नक्षीच्या फळीवर सूनबाईचे गुडघे मात्र आठवड्यातून एकदा तरी आपटत. तेव्हा ती जे बोले, ते मी इथे सांगणार नाही.

मग नव्या घराची वेळ आली. दोघांनी माझ्यावरच कागद पसरून आपल्या खोलीचा आराखडा मांडला.

"मास्टर बेडरूममध्ये टीव्ही नको," सूनबाई म्हणाली. "मला शांत खोली हवी आहे."

"मग झोप येईपर्यंत मी बघू काय?"

"मला बघा. बावीस वर्षांत नीट बघितलंय कुठे?"

लेकाने मुकाट्याने टीव्ही खोडला. दिवे दोन ठरले, दोन्हींची बटणे वेगळी, म्हणजे एकाचे वाचन दुसऱ्याच्या डोळ्यांत जायला नको. चालायला मोकळी वाट, भिंतभर कपाट, उतरताच पायाला लागेल असा मऊ गालिचा.

"आणि पलंग नवा घेऊ या," ती म्हणाली. "पायाकडे मोकळा असेल असा."

लेक बराच वेळ कागदाची कड दुमडत राहिला. "बाबांनी केलाय तो."

"ठीक आहे. कपाट आणि वाट सोडून मावला, तर आपल्याबरोबर येईल. नाहीतर नाही."

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. पलंगाची झोप उडणे ही काही साधी गोष्ट नव्हे.

पुढचे मला नंतर नव्या कपाटाने सांगितले. लेकाने माळ्यावरून वडिलांची जुनी पट्टी काढली. माझ्या लांबीची खूण तिच्यावर अजून होती. ती पट्टी त्याने नव्या खोलीच्या जमिनीवर आडवी ठेवली, खडूने माझी जागा आखली, आणि उरलेल्या जागेत कपाट बांधून घेतले. मला मोजण्याचे त्याच्या मनातही आले नाही.

सामान हलवण्याच्या दिवशी मला नव्या खोलीत जोडून उभे केले. सूनबाईने कपाटाचे दार ओढले. ते चार बोटे उघडले आणि माझ्या नक्षीच्या फळीवर थडकले.

"कपडे पत्रपेटीत हात घालून काढायचे का आता?" तिने विचारले.

"पट्टी चुकणार नाही," लेक म्हणाला. "खोलीच कमी बांधली असेल."

सुतारबाबांना बोलावले. त्यांनी पट्टी पाहिली, मला पाहिले, आणि हसता हसता माझ्यावरच बसले. "अरे, ही खूण गादीची. लाकूड तिच्या बाहेर असतं. मुलांना जगाचा नकाशा शिकवतोस, आणि एक खोली मापता येईना? जा, करवत आण. पायाकडची फळी काढू."

लेक फळीच्या आड उभा राहिला. "नाही बाबा. तुमच्या हातची एवढी सुंदर वस्तू मी कापू देणार नाही. वाटल्यास पलंग बाहेरच्या खोलीत ठेवीन."

मीही मनोमन त्याच्याच बाजूचा होतो. खोली गेली तरी चालेल, पण नक्षी राहावी.

"राहू दे हो," सूनबाई हळूच म्हणाली. "दारं काढून कपाटाला पडदा लावू."

तिच्या त्या बोलण्याने सुतारबाबांचे हसू मावळले. ते खाली बघत म्हणाले, "सुंदर कसली? एका बाजूची लांब फळी मी चुकीच्या खुणेवर कापली. लग्न चार दिवसांवर आलेलं, दुसरं लाकूड नव्हतं. सांध्यात तुकडा भरला, आणि तो दिसू नये म्हणून पुढे हे एवढं मोठं झाकण ठोकलं. वेल कोरला, कारण मग लोक वेलच बघतात."

सूनबाई खुदकन हसली. "म्हणजे बाबा, इतकी वर्षं माझे गुडघे तुमच्या चुकीवर आपटत होते?"

"माझ्याच. म्हणून तर म्हणतोय, करवत आणा."

आता ती फळी उशाकडच्या भिंतीवर टांगलेली आहे, जिथे ती कुणाला लागत नाही. पायाकडे एक बुटकी, साधी फळी आहे. कपाटाचे दार पूर्ण उघडते आणि सूनबाई ते विनाकारण दोनदा उघडून बघते.

मित्रांनो, नवी खोली सजवाल, तेव्हा जुन्या वस्तू टाकण्याआधी त्यांच्याजवळ जरा वाका. त्यांचे स्क्रू आवळा, धूळ पुसा, माप घ्यायचे असेल तर त्यांचेच घ्या. आणि त्यांच्यात काही उणे दिसले, तर हसून घ्या. त्यांनाही त्याने हलके वाटते. हे मी अनुभवाने सांगतो. पाहुण्यांनी नक्षीचे कौतुक केले की मी तिच्यामागचे सारे विसरल्याचे सोंग घेत असे. पण सांध्यात भरलेला तुकडा लाकडाला पहिल्या दिवसापासून जाणवत असतो.

माझी डावी बाजू उजवीपेक्षा बोटभर आखूड आहे.