हात लावू नये

मित्रांनो, माझ्यासारखी तुम्ही बहुधा कधी पाहिली नसेल. मी प्रश्नपत्रिका छापणारी एक जुनी सायक्लोस्टाइल मशीन आहे. वडवणीजवळच्या एका खेड्यात, शाळेच्या कार्यालयात, खिडकीखालच्या टेबलावर मी बसून असते. मेणकागदावर टोकदार लेखणीने अक्षरे कोरायची, तो कागद माझ्या ड्रमवर ताणायचा, शाई भरायची आणि दांडा फिरवायचा. मग कागदामागून कागद, अगदी सारखे, बाहेर पडत. वीज असो नसो, माझे काही अडत नसे.

रामप्रसाद गुरुजी आसपासच्या सगळ्या शाळांचे पेपर माझ्यावर काढत. माझ्या झाकणावर त्यांनीच पांढऱ्या रंगाने लिहिले, ‘हात लावू नये’. परीक्षा जवळ आली की मुले दाराशी घुटमळत आणि माझ्याकडे भीतभीत पाहत. मला ते फार आवडे.

पुढे गुरुजी निवृत्त झाले. झेरॉक्स आले. तेही मी सोसले. पण वरून छापून येणाऱ्या चाचणीचे ते सीलबंद पाकीट आले आणि माझा जीव जळू लागला.

त्याचे कौतुक मी प्रथम विजयमालाबाईंच्या तोंडून ऐकले. बाई चौथीच्या वर्गाला शिकवतात. बीडहून प्रशिक्षण घेऊन आल्या, त्या मुख्याध्यापक रामेश्वर सरांना सांगत होत्या, “सर, हे प्रश्न आधी दुसरीकडच्या मुलांना देऊन बघतात. सगळ्यांनाच येतो तो प्रश्न काढून टाकतात, कुणालाच येत नाही तोही काढतात. उरलेलेच आपल्याकडं येतात. तपासायला उत्तरसूची. कुणीही तपासा, मार्क तेवढेच.”

“मग आपल्या रामप्रसाद गुरुजींवानी न्हाई,” सर हसले. “त्यांना अक्षर आवडलं की दोन मार्क वर!”

माझ्या गुरुजींना हसले! मला तेव्हा दांडा फिरवता आला असता, तर सरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर शाई उडवली असती.

पाकीट आले. त्याला कपाटात ठेवून कुलूप लावले. चाचणीच्या दिवशी ते दोन शिक्षकांसमोर कात्रीने उघडले. मला एवढ्या वर्षांत कुणी साधी चादर पांघरायला घातली नव्हती.

मला एकच आधार होता, चौथीतली धनश्री. तिचे आईवडील मेंढरे घेऊन रानोमाळ फिरतात, म्हणून ती गावात आजीपाशी, रतनबाईंपाशी राहते. रोज ती हजेरीपट न्यायला कार्यालयात येई आणि जाता जाता माझ्या गार झाकणावर तळवा टेकवून उभी राही.

“ए पोरी, हात काढ!” सर एकदा ओरडले. “काय लिव्हलंय दिसंना का?”

धनश्रीने त्या अक्षरांकडे पाहिले, सरांकडे पाहिले आणि ती नुसती हसली. हात जागच्या जागी. सर म्हणाले, “लई हट्टी हाय ही.” मला मात्र वाटले, हुकूम मोडण्याइतकी मी तिला आवडते. असा मान पाकिटाला कुठला मिळायला!

त्या पहिल्याच चाचणीत पुस्तकाबाहेरचा एक उतारा होता. धनश्रीची उत्तरपत्रिका कोरी निघाली.

बाई गोंधळल्या. “अगं, तुला तर धडे घडाघडा येतात!” त्यांनी तिला पुढचा, न शिकवलेला धडा काढून दिला. धनश्री नुसती चित्राकडे पाहत राहिली. तेव्हा कळले की ती आजवर वाचतच नव्हती. वर्गात ऐकलेले पाठ करून म्हणत होती. घटक चाचण्यांत नेहमी पुस्तकातलेच येई, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. माझ्या पेपरांतही पुस्तकातलेच असे. जे मला दिसले नसते ते पाकिटाला दिसले, मित्रांनो, आणि ते मला अजून खुपते.

शाळा सुटल्यावर बाई तिला माझ्या शेजारी बसवून वाचायला शिकवू लागल्या. माझ्या टेबलाखाली जुन्या पेपरांचा गठ्ठा होता. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूंवर बाई रोज एक नवी गोष्ट लिहीत. सगळे म्हणत, चाचणीमुळे पोरगी मार्गी लागली. नाव पाकिटाचे, कागद माझे!

उन्हाळ्यात वर्षअखेरची चाचणी आली. आदल्या दिवशी सरांनी रतनबाईंना बोलावून घेतले.

“आजी, उद्या पोरीला घरीच ठिवा. शाळेचा निकाल खाली येतोय.”

“कावून?” रतनबाई पदर सावरत म्हणाल्या. “वरीसभर धाडली, अन् मोजायच्या दिशीच दडवू व्हय? कळप मोजताना लंगडं मेंढरू झाडामागं ठिवलं, तर लांडग्यानं नेलं तरी कळायचं न्हाई, सर.”

सर हळूच म्हणाले, “वरून विचारत्यात हो आम्हाला.”

“मी सांगेन काय सांगायचं ते,” बाई म्हणाल्या. “सर, अशाच लेकरांसाठी चाचणी असते.”

दुसऱ्या दिवशी धनश्री तेल लावून, वेण्या घालून, घंटेच्या आधी हजर.

तिचा नंबर वगैरे आला नाही. पण उत्तरसूची हातात घेऊन बाई पेपर तपासत होत्या, तेव्हा उताऱ्याखाली बरोबरच्या खुणा एकामागून एक पडताना मी खिडकीखालून पाहिल्या. सरांनी दोनदा तो कागद मागून घेतला.

दुसऱ्या सकाळी धनश्री नेहमीसारखी आली. सवयीने तिने माझ्यावर तळवा टेकवला. मग तिची नजर अक्षरांवर गेली. ओठ हलू लागले.

“हा...त. ला...वू. न...ये.”

चटका बसावा तसा तिने हात मागे घेतला.

बाईंचे डोळे भरून आले. सरांनी टाळ्या वाजवल्या. सगळे खूश होते. माझ्या झाकणावरच्या धुळीत तिचा तळवा उमटलेला राहिला. त्यानंतर तिने मला हात लावलेला नाही. मुलगी शहाणी आहे, वाचलेले पाळते. पाकिटाने माझा मान नेला होताच, तो हातही नेला.

तरीही सांगते, मित्रांनो, चाचणीच्या दिवशी घरी दडून राहू नका आणि कुणा सोबत्याला दडवू देऊ नका. आणि कधी आमच्या शाळेत आलात, तर रॉकेलमध्ये भिजवलेले एक फडके घेऊन या. माझ्या झाकणावरची ती पांढरी अक्षरे तेवढी पुसून टाका.