चार बोटं आखूड खण

मी एक जुना खण आहे. तुम्ही ज्याला ड्रॉवर म्हणता, तो. मोठ्या शहरातल्या एका मध्यम दराच्या हॉटेलात, एका खोलीतल्या कपाटात सगळ्यात खाली माझी जागा. ‘जुना’ हे मात्र आपल्यातच ठेवा मित्रांनो, कारण कागदोपत्री मी नवा कोरा आहे.

मला सुतारकाकांनी घडवलं. वरचे दोन खण झाले आणि माझ्या वेळी लाकूड संपलं. ‘मागे कोण बघतंय!’ म्हणत त्यांनी मला चार बोटं आखूड केलं, मागची फळीही बुटकीच लावली. तेव्हापासून कुणी मला जोरात ढकललं, की वरची एखादी वस्तू त्या फळीवरून उडी मारून पाठीमागच्या पोकळीत जाते. वस्तू ठेवणारा बसतो शोधत.

हे गुपित एकट्या मावशीला ठाऊक. मावशी म्हणजे खोल्या आवरणारी. बावीस वर्षं ती दर आठवड्याला मला पूर्ण बाहेर काढायची आणि म्हणायची, ‘दे बाबा, काय गिळलंयस ते.’ कंगवे, चष्मे, एकदा तर कुणाची तरी कवळी! सगळं ती खाली नेऊन देई. लोक कौतुक करत. ते कौतुक मला माझंही वाटे.

मग हॉटेलाचं नूतनीकरण झालं. मला पांढरा रंग फासला, सोनेरी मूठ बसवली. नवे साहेब आले आणि नवा नियम आला: खोली पंचवीस मिनिटांत झाली पाहिजे, खण बाहेर काढत बसायचं नाही. मावशीनं मान डोलावली.

रंगाबरोबर एक गोष्ट आणखी आली, ती म्हणजे संशय. एवढी चकचकीत खोली, एवढ्याच पैशात? नक्कीच काहीतरी काळंबेरं आहे, असं मनाशी धरूनच लोक आत येत. चादरी हुंगत. पलंगाखाली वाकून बघत. ऐकून ऐकून मलाही खोड लागली. कुणी मूठ धरली, की वाटे, याला काय लपवायचं असेल?

एकदा एक बाई नवऱ्याबरोबर उतरल्या. छतावरचा आगीचा भोंगा त्यांना कॅमेरा वाटला, म्हणून खुर्चीवर चढून त्यावर त्यांनी अंघोळीची टोपी चढवली. भिंतीतली तिजोरी नवऱ्यानं दाखवली, तर म्हणाल्या, तिचा आकडा या हॉटेलवाल्यांना माहीत नसेल कशावरून? मग आईची आठवण म्हणून जपलेले कानातले त्यांनी रुमालात बांधले, माझ्यात टॉवेलांच्या अगदी वर ठेवले आणि मला धाडकन ढकललं. रुमाल गेला पाठीमागे.

दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर रुमाल सापडेना. दरम्यान खोली आवरून झाली होती. आणखी काय पाहिजे? साहेब आले, मावशीला बोलावलं. एरवी ‘मावशी’ म्हणणारे साहेब त्या दिवशी ‘बाई’ म्हणाले. वस्तू निघाली नाही तर उद्यापासून यायचं नाही, असंही शांतपणे सांगितलं.

मावशीची नजर माझ्यावर आली. मित्रांनो, तिला कळलं होतं. पण तिनं नजर पुन्हा साहेबांकडे वळवली आणि माझी पाचावर धारण बसली. अगं, सांग ना! मग माझ्याही लक्षात आलं. तिनं जागा दाखवली, तर तिनंच लपवलं असं ठरणार. नाही दाखवली, तर तिनंच नेलं असं ठरणार.

शेवटी तिनं दोन्ही हात पाठीमागे बांधले.

‘ताई, मी इथून हलत नाही. तुम्ही स्वतः खाली बसा आणि तो खण पूर्ण बाहेर काढा.’

‘मी तीनदा बघितलाय तो.’

‘आतून बघितलात. त्याच्या मागे बघा.’

बाई बसल्या. मी अडकलो तेव्हा नवऱ्यानं हात लावला. मी बाहेर आलो, आणि पोकळीत रुमाल दिसला, गाठ न सुटलेला.

‘तुम्हाला कसं माहीत?’ साहेबांनी विचारलंच.

‘बावीस वर्षं पुसतेय त्याला, साहेब. तुम्ही रंग दिलात, लांबी नाही वाढवलीत.’

नवरा म्हणाला, ‘अगं, गाठ तुझीच आहे. तुझ्याशिवाय कुणाला सुटते ती?’

बाईंनी गाठ सोडली, दोन्ही कानातले उजेडात धरून पाहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘म्हणजे हे फर्निचर नवीन नाही तर!’ साहेबांनी लगेच माफी मागितली. बाईंची.

मावशीची नोकरी राहिली. मलाही कुणी फेकलं नाही. आता मला रोज बाहेर काढायचा नियम झालाय. पण मावशी माझ्याशी बोलत नाही. खोलीचं दार सताड उघडं ठेवते, शेजारची खोली आवरणारीला हाक मारते आणि ती येऊन उभी राहिल्यावरच माझी मूठ धरते.

मित्रांनो, संशय येतो. तो काही विचारून येत नाही. पण तो माणसावर घेण्याआधी वस्तू नीट शोधा. खाली बसावं लागलं तर बसा, गुडघे दुखले तर दुखू द्या. आणि वस्तू सापडली, की ज्याच्यावर बोट ठेवलंत त्याच्यासमोर जाऊन ‘चुकलं’ म्हणा. त्या दिवशी खोलीत चार माणसं होती आणि पाचवा मी. खरा चोर मीच, आणि मला बोलता येत नाही. बाकीच्यांना येत होतं.